दगडूबांचा सांधा

नाव दगडू आणि धंदा काचेचा. धारूरच्या बाजारात नवा माणूस आला की कुणीतरी त्याला हा विनोद ऐकवायचंच, आणि दगडूबा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. वर स्वतःची भर घालायचे, "माझ्या आदी आईची तीन लेकरं गेलती. हे तरी जगावं म्हनून तिनं दगडू नाव ठेवलं. पोरगं काचंचं काम करील हे तिला कुनी सांगितलं न्हवतं."

त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. भाऊ, पुतणे अजून डोंगरात कळप घेऊन असायचे. हे एकटेच खाली उतरून बाजारात का बसले, ते मी कधी विचारलं नाही. पण धनगराची घोंगडी त्यांनी सोडली नव्हती. फरक इतकाच की ती अंगावर कमी आणि काचेखाली जास्त असायची. दुकानात टेबलावर घोंगडी, सायकलवर काच न्यायची तर तिला घोंगडी, कुणाच्या दारात काम असलं तर आधी अंगणात घोंगडी अंथरायची आणि मग काच उतरवायची. तिच्यावर आम्ही कुणी बसलो तर मात्र म्हातारा खवळायचा.

मी त्या वेळी दिंद्रुडकडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो. सचिव म्हणजे शिक्के मारणारा, सह्या घेणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. ऑफिसच्या कपाटाची काच बसवून घ्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो. काच धरायला मदत करावी म्हणून पुढं झालो तर ते म्हणाले, "भाऊ, येताना भजे खाऊन आलाव जनू."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा अंगठा बसलाय हितं. आता हितं सांधा धरनार न्हाई."

मग त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन माझा अंगठा काचेवरून पुसला, आणि तोच बोळा माझ्या हातात देऊन खऱ्या अंगठ्याकडं बोट दाखवलं. मी निमूट पुसला.

तेलाशी त्यांचं असं वैर होतं. कामाच्या दिवशी ते भाकरी, कांदा आणि मीठ एवढंच खायचे. भाजीला फोडणी असते, फोडणीत तेल असतं, आणि तेल हाताला लागलं की काचेला लागतं, असा त्यांचा सरळ हिशोब. एका लग्नात सगळी पंगत हातानं बुंदी-वांग्याचं जेवत असताना हे एकटे चमच्यानं जेवत होते. वाढपी खो खो हसला. "दगडूबा, सायेब झालाव का काय?" तर हे शांतपणे म्हणाले, "परवा काम हाय. तेल तीन दिस कातडं सोडत न्हाई." हे तीन दिवसांचं शास्त्र खरं होतं की त्यांनी स्वतःच काढलं होतं, देव जाणे. पण त्यांनी लावलेली काच गळाली, असं मी कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

काच गळाली, असं म्हटलेलंच त्यांना चालायचं नाही. "काच कशाला गळती? काचंला बोल लावू नगा. सांदा गळतो." पूर्वी खिडकीची तावदानं लांबीनं बसवायचे, म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेल्या लगद्यानं. ती लांबी आमच्याकडच्या उन्हात दोन-चार वर्षांत तडकून पोपडे धरते. का, ते त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. "उन्हात काच फुगती, सांजच्याला आकसती. तुमच्या डोळ्याला दिसत न्हाई, पन हलती. मग तिच्या अंगाला जे चिकटलंय त्याला बी हलता आलं पायजे. लांबी हट्टी हाय. हे नळीतलं सिलिकॉन रबरावानी ताणतंय आन पुन्हा जाग्यावर येतंय. दोगांच्या मदी राहायचं तर हट्ट करून भागत न्हाई." एवढं बोलून त्यांनी आत स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं त्यांची बायको आणि सून एकाच वेळी बोलत होत्या.

आमच्या सोसायटीचे चेअरमन अण्णा. शंभर एकराचा धनी, तालुक्याच्या राजकारणातला वजनदार माणूस. त्यांच्या माडीच्या जिन्यावर उजेडासाठी काच बसवलेली होती आणि पाऊस आला की ती जिन्यात गळायची. दर वर्षी कुणीतरी येऊन जुन्या सिलिकॉनवर नव्या सिलिकॉनचा थर देऊन जायचा. अण्णांनी दगडूबांना बोलावलं. ते वर चढले, पातं काढलं आणि खरवडत बसले. एक दिवस खरवडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवडायला आले. अण्णांचा धीर सुटला.

"अहो दगडूबा, खरवडताय कावून? वरून एक नळी मारा की."

"अण्णा, जुन्यावर नवं धरत न्हाई. तुमच्या पक्षात धरत आसंल."

भोवती पाच-सहा कार्यकर्ते उभे होते. कुणी हसावं की नाही, हे ठरेना. शेवटी अण्णाच खदखदून हसले आणि पुढं वर्षभर प्रत्येक सभेत तो विनोद स्वतःचा म्हणून सांगत राहिले. पण जिना गळायचा थांबला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या वर्षी लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. धरणाच्या तळातले दगड उघडे पडले होते, बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या खुणा वर आल्या होत्या आणि सभासदांची जाळी दारादारांत खुंटीला टांगलेली होती. सोसायटीकडं एवढंच उरलं होतं : ऑफिसामागच्या शेततळ्यातली बोटुकली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. रोहू, कटला, थोडे मृगळ. पाऊस येऊन धरणात पाणी साठलं की ती सोडायची आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर घरं चालायची. ती मेली तर पाणी येऊनही उपयोग नव्हता, जाळ्यात नुसतं पाणीच आलं असतं. आणि शेततळं दिवसादिवसाला खाली जात होतं. मी रोज सकाळी काठावरच्या खुंटीवर खूण करायचो. नऊ दिवस निघतील, दहावा निघणार नाही, असं दिसत होतं.

ऑफिसच्या पडवीत एक टाकी होती. कधीकाळी प्रदर्शनासाठी बांधलेली, तीन बाजूंनी सिमेंट आणि दर्शनी बाजूला जाड काचेची तीन तावदानं एकमेकांना जोडून बसवलेली, म्हणजे पाहुण्यांना मासे पोहताना दिसावेत. ती पहिल्या उन्हाळ्यातच सांध्यातून गळायला लागली आणि मग तिच्यात आम्ही रिकामी पोती ठेवायला लागलो. माशांसाठी एक टँकर मंजूर झाला होता, पण तो ओतायचा कशात? अण्णा म्हणाले, काच काढून विटा रचा. मीही मान डोलावली होती. नुसतं बघायला म्हणून बोलावलेल्या दगडूबांनी ऐकलं आणि म्हणाले, "विटंच्या बांदकामाला पंदरा दिस पानी पाजावं लागतं. हाय का? आन नव्या सिमिटाच्या पान्यात हे एवढुसं मासं एक दिस काढायचे न्हाईत."

"मग?"

"दोन दिस खरवडायला, एक दिस लावायला, बाकीचे त्याला जीव धरायला. नऊ दिसांत बसतंय. पन मदी कुनी हात लावायचा न्हाई."

बीडहून आणलेल्या नळ्या त्यांनी परत पाठवल्या. त्या न्हाणीघरासाठीच्या होत्या, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेल्या. "जे बुरशीला मारतंय ते माशाला सोडतंय व्हय?" मग ते स्वतः माजलगावला गेले, दुकानदाराकडून नळीवरची बारीक अक्षरं तीन वेळा वाचून घेतली आणि बिनऔषधाच्या नळ्या घेऊन आले. तोवर टाकी खरवडून, धुऊन, पुसून लख्ख झाली होती. तिन्ही तावदानं घोंगडीवर आडवी होती. दगडूबा हात धुवायला गेले.

तेवढ्यात जिजी आल्या. जिजी म्हणजे अण्णांच्या आई. ऐंशीच्या घरातल्या, सोसायटीचं कुठलंही काम त्यांच्या हळदी-कुंकवाशिवाय सुरू झालेलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक काचेच्या कडेला हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली. तेही तेलात कालवलेलं, नीट बसावं म्हणून. आणि मग सिमेंटच्या ज्या खाचेत काच उभी राहायची, ती त्या माशांच्या घराचा उंबरा असं समजून, सून घरात घेताना उंबऱ्यावर ओततात तसं वाटीभर तेल तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतलं. मी शेजारी उभा होतो. मीही हात जोडले. मला काहीच सुचलं नाही, हे आजही सांगताना लाज वाटते.

दगडूबा आले. त्यांनी खाचेकडं पाहिलं. सिमेंटनं तेल पिऊनही टाकलं होतं. मला वाटलं, आता म्हातारा अवजारं उचलून धारूरचा रस्ता धरणार. त्यांनी आधी त्या तेलाला नमस्कार केला. मग म्हणाले, "जिजी, देव पावला बगा. आता त्याला जरा आंगुळ घालतो."

जिजींना त्यातलं काही कळलं नाही. पण दगडूबा छिन्नी घेऊन खाचेतलं तेल प्यालेलं सिमेंट दाणा-दाणा उकरायला लागले तसं त्यांना कळलं. त्या पडवीच्या पायरीवर बसल्या त्या दिवस मावळेपर्यंत उठल्या नाहीत. "माझ्या हातानं झालं रं लेकरा," एवढंच मधून मधून म्हणत राहिल्या. लेकरू साठीचं होतं. त्या तेलानं आमचा एक अख्खा दिवस खाल्ला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काच उभी राहिली आणि सांधे भरले. पडवीत सिरक्यासारखा आंबट वास सुटला. "हा वास हाय तवर कच्चं," दगडूबा म्हणाले, आणि मग त्यांनी जे मागितलं ते ऐकून मी चक्रावलो. त्यांना पाणी पाहिजे होतं.

"हे सिलिकॉन हवंतला वलावा पिऊन घट्ट होतं. पावसाळ्यात लवकर धरतं. आता हवंत वलावा हाय का? वरून साय धरंल आन आतून तसंच राहील. काचंभोवती वली पोती टांगावी लागत्यात."

पाणी अडवायला जे लावायचं, तेच आधी पाण्याला तहानलेलं. आणि तेही त्या वर्षी, जेव्हा गावात माणशी दोन घागरींवर वाद होत होते. ही गोष्ट टँकरच्या रांगेत पोचायला किती वेळ लागणार? बायका पदर खोचून ऑफिसावर आल्या. "आमच्या लेकरांच्या नरड्याला पानी न्हाई आन तुमी काचंला पाजताव व्हय?"

दगडूबा बाहेर आले. म्हणाले, "मायबाई, पेयाचं न्हाई मागत. भांडी घासून झालेलं द्या. कपडे धुतलेलं द्या. हात धुतलेलं द्या. मला वाफ पायजे, पानी कसलं का आसंना."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पहिल्या हलल्या त्या जिजी. अण्णांच्या वाड्यातून मोलकरणीच्या डोक्यावर खरकट्या पाण्याची बादली आली आणि पुढं स्वतः जिजी काठी टेकत. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ घराघरांतून गढूळ, साबणाचं, कशाकशाचं पाणी तांब्या-तांब्यानं येत राहिलं. पोती काचेला शिवणार नाहीत अशी टांगली होती. पडवीत शिरलं की अंगावर थंड वाफ यायची. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात तेवढी एकच जागा ओली होती आणि आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून तिथं डोकावत होतो.

दगडूबांनी एका फुटक्या काचेच्या तुकड्यावर सिलिकॉनची तेवढ्याच जाडीची पट्टी ओढून तीही पोत्यांमध्ये ठेवली होती. रोज सकाळी ते तिचा एक तुकडा पात्यानं कापून बघायचे. इकडं शेततळ्यात पाणी हिरवं पडलं होतं. सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळायचे. आम्ही घमेल्यानं पाणी उंचावरून ओतून ढवळायचो, आणि रोज ओंजळभर मेलेले गाळून काढायचो. मला तेव्हा भूक लागत नव्हती.

सातव्या दिवशी टँकर दोन दिवस आधीच दारात आला. त्यामागोमाग अण्णा.

"भरा," अण्णा म्हणाले.

दगडूबांनी सकाळची पट्टी आणून कापली आणि अण्णांपुढं धरली. वरून रबर. मध्ये टूथपेस्टसारखं मऊ.

"वरून पिकलंय, आतून कच्चं हाय. आज भरलं तर आज धरंल, उद्या बी धरंल. परवा सोडंल. तवा टँकर बी नसंल आन मासं बी नसतील."

"आन तवर तळ्यात मेले तर बे?"

अण्णांच्या तोंडून तो 'बे' निघून गेला. वडीलधाऱ्या माणसाला तसं कुणी बोलत नाही. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा खाली बघायला लागला. दगडूबांनी पातं पुसून खिशात ठेवलं.

"तर माझ्या नावानं मेले म्हना."

अण्णा माझ्याकडं वळले. "सचिव, तुमी सांगा." माझं सगळं अंग म्हणत होतं, भरून टाका. आणि तरी मी म्हणालो, "अण्णा, हा टँकर गावात रिकामा करू. परवाची पाळी माशांना घेऊ." हे धाडस मी कुठून आणलं ते ठाऊक नाही. अण्णा जीपमध्ये बसले. टँकर गावात गेला. त्या दोन दिवसांत मी तळ्यावर किती फेऱ्या मारल्या, त्याला गणती नाही.

नवव्या दिवशी सकाळी दगडूबांनी पट्टी कापली. आरपार रबर. पडवीतला आंबट वास गेला होता. ते पोती काढायला लागले. टाकी एकदा धुतली, ते पाणी लिंबाच्या झाडाला गेलं. मग बाहेरच्या बाजूनं सगळ्या सांध्यांवर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या. थेंब आला तर कागद काळा पडेल. टँकरची नळी आत सोडली आणि त्यांनी पाव टाकी भरू दिली. थांबा. कागद कोरडा. अर्धी. थांबा. ते उकिडवे बसून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत होते. अण्णा आले होते, पण लांब उभे होते. जिजी जपमाळ ओढत होत्या. पाणी काठाला लागलं, ड्रायव्हरनं नळी ओढून घेतली, आणि अर्धा तास आम्ही पंधरा-वीस माणसं नुसती कागदाकडं बघत उभी राहिलो.

कागद कोरडा राहिला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. घमेल्या-घमेल्यांनी मासे आले. पहिला थवा पाण्यात उतरला, क्षणभर दबकून तळाशी बसला आणि मग एकदम सरळ लांब पोहत गेला. बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, हे आमच्या भांड्याच्या पाण्यावर जगलेत.

त्या पावसाळ्यात ते मासे धरणात गेले. पुढच्या साली जाळी भरली. मी नंतर सोसायटी सोडून लेकाकडं लातूरला आलो, दगडूबांशी भेट पुन्हा झाली नाही, आणि ते गेल्याचं मला कुणाच्या तरी फोनवरून महिनाभरानं कळलं. माझ्या डोळ्यांपुढं ते येतात ते टाकी भरली त्या दिवशीच्या दुपारचे.

अण्णांनी शाल-नारळ मागवला होता. "बोलवा दगडूबांना," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. त्यांना सत्काराच्या आडून माफी मागायची होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मी शोधत पडवीत गेलो. म्हातारा टाकीच्या पुढ्यात, दोन काचा जिथं सांधल्या होत्या त्याच्या बरोबर खाली, डोक्याखाली हात घेऊन गाढ झोपला होता. वर काठोकाठ पाणी, त्यात हजारो बोटुकली, आणि त्यांच्या सावल्या त्याच्या तोंडावरून सरकत होत्या. जिजी शेजारी बसून पदरानं वारा घालत होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नगंस. नऊ दिस डोळा लागला न्हाई त्याचा."

मी वाकलो आणि त्याच्या डोक्याजवळच्या जमिनीवर हात फिरवला. कोपऱ्यापर्यंत फिरवला. धूळ होती. दोन वर्षं आम्ही सगळा जिल्हा ओली जमीन शोधत फिरत होतो, आणि मी तिथं गुडघ्यावर बसून कोरड्या मातीवरून हात फिरवत हसत होतो. मग बाहेर जाऊन अण्णांना सांगितलं, शाल राहू द्या, ते झोपलेत.

"झोपू द्या," अण्णा म्हणाले, आणि शालीची घडी घालत तिथंच पायरीवर वाट बघत बसले.